विहीर बुजवायची की झाकायची?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ग्रुपवर लेख मागवले तेव्हाच बजावलं होतं की मधली सुट्टी, गॅदरिंग आणि सहल या तीन विषयांवर आता आणखी लेख नकोत. माझ्या वाट्याला 'काहीतरी अभ्यासपूर्ण' आलं. पहिल्या बाकावर बसण्याची शिक्षा तीस वर्षांनीही संपत नाही, ती अशी. तर बाई-सरांनो आणि मित्रमैत्रिणींनो, हा लेख शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईच्या म्युनिसिपालिटीच्या रोजच्या कारभाराबद्दल आहे. म्हणजे ज्या नागरिकशास्त्राचे धडे आपण परीक्षेच्या आदल्या रात्री अकरानंतर काढायचो, त्याबद्दल. पान उलटायची मोकळीक आहे. पण जे गिरगावात, ग्रँट रोडला, आग्रीपाड्याला चाळीत वाढले, त्यांनी विहिरींच्या गोष्टीपर्यंत तरी थांबावं.

मी या विषयाकडे वळले ती कामामुळे. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे एका नगरपालिकेच्या तक्रार-नोंदणीच्या सॉफ्टवेअरचं काम आलं होतं. दिवा बंद आहे, गटार तुंबलंय, नळाला पाणी नाही. कोणती तक्रार कोणाच्या टेबलावर जायची, ती किती दिवसांत निकालात काढायची, कोणाच्या सहीने बंद करायची, हे सगळं लिहून काढताना मूळ कायदे उघडावे लागले. तुलनेसाठी मुंबईचाही कायदा काढला. त्याचं नाव आहे मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८. साल वाचून मी दोनदा पाहिलं. आमच्या धंद्यात दहा वर्षांची जुनी प्रणाली कोणी दाखवली की लोक नाक मुरडतात आणि 'सगळं नव्याने लिहू' म्हणतात. हा कायदा व्हिक्टोरिया राणीच्या काळात लिहिला गेला, त्याला दुरुस्त्यांची असंख्य ठिगळं लागली, आणि तो आजही चालू आहे. आपल्या घरपट्टीच्या बिलामागे तोच आहे. इतकी वर्षं टिकलेली गोष्ट कोणी आणि कशी बांधली असेल, या कुतूहलाने मी वाचत गेले. मग दिनशा वाच्छांचं १९१३चं पुस्तक, रुस्तम मसानींचं पुस्तक, असं करत रविवार त्यातच जाऊ लागले.

या कायद्यामागे एक जुनं दुखणं आहे. १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. माणूस धडाडीचा. रस्ते केले, गटारं केली, मंडई उभारली, जिला आपण नाव बदलून इतकी वर्षं झाली तरी क्रॉफर्ड मार्केटच म्हणतो. पण खर्चाला धरबंध नव्हता आणि त्यांना थांबवू शकेल असं कोणी नव्हतं. १८७१ साली करदाते चिडून उठले. त्या गदारोळात २६ वर्षांचे बॅरिस्टर फिरोजशहा मेहता यांनी लोकांना न आवडणारी बाजू घेतली. दोष एका क्रॉफर्डचा नाही, रचनेचा आहे. कमिशनर समर्थच हवा, पण त्याच्यावर नजर ठेवायला लोकांनी निवडलेली सभा हवी, असं त्यांचं म्हणणं. १८७२ साली नवा कायदा आला आणि निवडणुका सुरू झाल्या. १८८८च्या कायद्याने ती रचना पक्की केली. तो घडवण्यात मेहतांचा मोठा हात होता.

रचना तीन पायांची आहे. पहिला पाय कॉर्पोरेशनची सभा, दुसरा स्थायी समिती, तिसरा कमिशनर. कामं कमिशनरने करायची, आणि तो सरकार नेमणार. पैसा मंजूर करायचा सभेने. या दोघांच्या मध्ये १२ जणांची स्थायी समिती, त्यांतले ८ सभेने निवडलेले आणि ४ सरकारने नेमलेले. पाच हजार रुपयांच्या वरचं कंत्राट कमिशनरने परस्पर द्यायचं नाही, समितीपुढे आणायचं. आमच्याकडे एक साधा नियम असतो: ज्याने कोड लिहिला त्यानेच तो मंजूर करायचा नाही. १८८८च्या वकिलांना हे आमच्याआधी ठाऊक होतं. आणि ते का ठाऊक होतं, तर क्रॉफर्डसाहेबांच्या वेळी हात पोळले होते म्हणून.

सभेत ७२ सभासद. त्यांतले ३६ वॉर्डांतल्या करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी, २ विद्यापीठाच्या फेलोंनी, २ चेंबर ऑफ कॉमर्सने आणि उरलेले १६ सरकारने नेमायचे. म्हणजे बरोब्बर निम्मे सामान्य करदात्यांचे. सामान्य म्हणजे ठरावीक रकमेच्या वर पट्टी भरणारे. आपल्या पणजोबांसारखे चाळीत भाड्याने राहणारे नव्हेत. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून इथे लक्षात ठेवा.

आणि आपल्याला शाळेत ज्याचा एक परिच्छेद होता, ते कलम ६१. कॉर्पोरेशनने करायलाच हवीत अशी कामं त्यात आहेत: गटारं, झाडलोट, पाणी, दिवाबत्ती, आग विझवणं, देवी काढणं, रस्त्यांना नावं आणि घरांना नंबर देणं, आणि प्राथमिक शाळा. बागा, ग्रंथालयं वगैरे 'जमल्यास' करायच्या कामांचं कलम ६३ वेगळं. प्राथमिक शाळा 'करायलाच हव्यात' या बाजूला पडली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या वर्गातले कितीतरी जण चौथीपर्यंत म्युनिसिपालिटीच्या शाळेत होते आणि पाचवीला आपल्याकडे आले. त्यांच्या फळ्याचा आणि खडूचा खर्च अशा एका ओळीतून आला आहे.

व्ही.टी.समोरची म्युनिसिपालिटीची इमारत १८९३ साली पुरी झाली. स्टीव्हन्सने व्ही.टी. बांधलं, त्यानेच हीसुद्धा. नव्या सभागृहात बॅरिस्टर, डॉक्टर, गिरणीमालक शेट, इंग्रज व्यापारी आणि सरकारी अधिकारी बसत, कामकाज इंग्रजीत चाले. मराठी माणसं थोडी होती; डॉ. भालचंद्र कृष्ण भाटवडेकर हे त्यांतलं ठळक नाव. महिन्यातून किमान एक साधारण सभा आणि आठवड्याला स्थायी समितीची बैठक, असा कायद्याचाच दंडक होता. पुढे यायचं काय, तर अमक्या गल्लीतलं गटार, तमक्या रस्त्यावरचे दिवे, कंत्राटदाराच्या निविदा, दवाखान्याचं अनुदान, कोणाची बढती, कोणाची पेन्शन. वाचताना कधीकधी जांभया येतात, हे खरं. पण मधूनच एखादी गोष्ट सापडते जी पुढची पन्नास वर्षं ठरवून गेलेली असते. १९०५ साली ट्रॅम आणि वीज कंपनीशी करार झाला आणि ७ मे १९०७ रोजी म्युनिसिपालिटीच्या कचेरीसमोरून क्रॉफर्ड मार्केटकडे विजेची पहिली ट्रॅम धावली. हे बहुतेकांना माहीत असतं. करारात मात्र आणखी एक तरतूद होती: ठरावीक मुदतीनंतर ही कंपनी विकत घेण्याचा हक्क म्युनिसिपालिटीला राहील. तो हक्क ४२ वर्षांनी, १९४७ साली बजावला गेला. आपली बेस्ट आपली झाली ती त्या तरतुदीमुळे. तिच्यासाठी भांडणाऱ्यांपैकी अनेकजण १९४७ पाहायला नव्हते.

फिरोजशहांच्या नावाने याच काळातला एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. १९०७च्या निवडणुकीत काही बड्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी, त्यांत अकाउंटंट जनरल हॅरिसन आणि पोलीस कमिशनर गेल होते, 'टाइम्स'चे संपादक लोव्हॅट फ्रेझर यांना बरोबर घेऊन मेहतांना पाडण्यासाठी गट बांधला. जे.पीं.च्या १६ जागा होत्या, मेहता सतरावे आले. पुढे निवडून आलेल्यांपैकी एकजण अपात्र ठरला आणि मेहता आत आले. गोष्ट रंगतदार आहे, शहरात खळबळही खूप झाली. पण मला त्यात फार रमावंसं वाटत नाही. दोन्ही बाजूंना बंगलेवाले होते. ज्यांच्या दाराशी म्युनिसिपालिटी रोज सकाळी येत होती किंवा येत नव्हती, ते त्या यादीत कुठेच नव्हते.

ते लोक कामकाजात केव्हा दिसतात? संकट आलं की. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ताप आणि गाठी पाहून प्लेग ओळखला. (हे मूळचे गोव्याचे, पुढे कॉर्पोरेशनचे अध्यक्षही झाले. मेट्रोजवळ पुतळा आहे तो त्यांचा. आपण त्याच्याखाली किती वेळा बसची वाट पाहिली असेल.) ऑक्टोबरच्या सुरुवातीला कमिशनर स्नो यांनी कडक हुकूम काढला: आजाऱ्याला घरातून उचलून इस्पितळात न्यायचं, तो राजी असो वा नसो. इस्पितळात गेलेला परत येत नाही, अशी त्या वेळी लोकांची धारणा. गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. महिना संपायच्या आत हुकूम सौम्य करावा लागला. घरी नीट सोय होत असेल तर नेणार नाही, असं जाहीर झालं.

हुकूम मागे घेण्याचं खरं कारण स्नो यांनी स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. हलालखोर शहर सोडून जातील, ही भीती. कायद्यात ज्यांना 'हलालखोर' म्हटलं आहे ते म्हणजे टोपलीच्या संडासातून मैला वाहून नेणारे लोक. जातीने ते काम ज्यांच्या माथी मारलं होतं, तेच. त्यांच्या नावाची एक पट्टीसुद्धा होती, पाणीपट्टीसारखी हलालखोर पट्टी. ती घरमालक भरत. पट्टी भरणाऱ्याला मत, आणि ज्याच्या श्रमाची पट्टी त्याला नाही. पण हे लोक निघून गेले तर चार दिवसांत शहरात राहणं अशक्य होईल, हे कमिशनरला पक्कं कळत होतं. म्हणून सभागृहात कधी पाऊल न टाकलेल्या माणसांसाठी कमिशनरने आपला हुकूम बदलला. मला म्युनिसिपालिटीच्या इतिहासात याहून मोठा प्रसंग सापडलेला नाही, आणि तो कुठल्या पुतळ्याखाली लिहिलेला नाही.

प्लेग लवकर गेला नाही. १८९१ला मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजार होती, ती १९०१ला ७ लाख ७६ हजारांवर आली. मेले ते मेले आणि पळाले ते पळाले. १९०५पासून परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिनमध्ये, उंदरांची तपासणी जोरात सुरू झाली. शहरभर उंदीर पकडून, तो कुठे सापडला त्याची नोंद करून तिथे पाठवत. एकेका उंदराचा पत्ता कागदावर होता. त्याच खोलीत राहणाऱ्या भाडेकरूचं नाव मतदारयादीत नव्हतं.

प्लेगपायी १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याच्या १४ विश्वस्तांपैकी कॉर्पोरेशनचे फक्त ४. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढायचे, हवा खेळवायची, हे ट्रस्टचं काम. त्यातून सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट आले. घरं पाडायचा वेग मोठा आणि बांधायचा कमी, ही तक्रार कायमची. ज्या बांधल्या त्या बी.आय.टी. चाळी. परळच्या अशाच एका चाळीत १९१२पासून वीसेक वर्षं बाबासाहेब आंबेडकर राहिले. आपल्या वर्गातले निदान चौघे आग्रीपाड्याच्या बी.आय.टी.तले, त्यांना हा इतिहास सांगायला नको, त्यांच्या गॅलरीत तो वाळत घातलेला असायचा.

आता विहिरी.

मुंबईला विहारचं पाणी १८६० साली आलं, तुळशीचं १८७९ला, तानसाचं १८९२ला. त्याआधी सगळी मदार विहिरी-तलावांवर. धोबीतलाव, दोन टाकी, पायधुणी ही नावं त्याच काळातली. नळ आले तरी विहिरी राहिल्या. वाड्यात, चाळीच्या चौकात, देवळामागे, अग्यारीत, दर्ग्यात. १९०८च्या सुमारास परळच्याच प्रयोगशाळेतल्या डॉ. लिस्टन यांनी दाखवून दिलं की मुंबईत हिवताप पसरवणारा डास दलदलीतला नाही. तो स्वच्छ पाण्यात, विहिरी आणि टाक्यांत अंडी घालतो. ॲनॉफिलिस स्टीफेन्साय हे त्याचं नाव. मग डॉ. बेंटली यांनी शहराची पाहणी केली आणि १९११ साली अहवाल दिला. निष्कर्ष स्पष्ट होता: विहिरी बुजवा, नाहीतर डास शिरणार नाही अशा झाका.

कागदावर याहून सोपा उपाय नाही. एक कारण, एक उपाय, नोटीस काढा, मुदत द्या, संपलं. मी पंचवीस वर्षं अशा बैठकांत बसले आहे जिथे असा उपाय पडद्यावर येतो आणि सगळे माना डोलावतात. मग तो वापरणाऱ्यांपर्यंत पोचतो.

म्युनिसिपालिटीच्या नोटिसा घरोघर गेल्या आणि हरकतींचा पाऊस पडला. त्या वेळी कॉर्पोरेशनचे चिटणीस होते रुस्तम मसानी. सभांची इतिवृत्तं, पत्रव्यवहार, हे त्यांचं रोजचं काम. या हरकती त्यांच्या डोळ्यांखालून गेल्या. कोणी म्हणे, आमच्या विहिरीत पीर आहे. कोणी म्हणे, विहीर बुजवणाऱ्याच्या घरात मृत्यू होतो, अमक्याच्या घरात झाला. पारशी घरांतून सांगणं आलं की धर्मकार्याला विहिरीचंच पाणी लागतं. विहिरीला हार, नारळ, दिवे वाहण्याची चाल सगळ्याच धर्मांच्या लोकांत होती. हिंदूच्या विहिरीत सय्यद आणि पारशाच्या विहिरीत पीर असायला कोणाची आडकाठी नव्हती. दुसरा एखादा अधिकारी असता तर शेरा मारून फाइल बंद केली असती. मसानींनी हे सगळं जपून ठेवलं आणि १९१८ साली त्यावर 'फोकलोअर ऑफ वेल्स' नावाचं पुस्तक लिहिलं. हिवतापाविरुद्धच्या मोहिमेच्या कागदांतून लोककथांचं पुस्तक निघालं, असं उदाहरण दुसरं मला ठाऊक नाही. (कारभारी लोकांत असे काहीजण असतातच. १८९०च्या दशकात कमिशनर असलेले ॲकवर्थसाहेब मराठी पोवाडे जमवत असत आणि त्यांनी शाळिग्रामांबरोबर त्यांचा संग्रह छापला. वडाळ्याचं ॲकवर्थ कुष्ठरुग्णालय त्यांच्याच नावाचं.)

हरकती वाचून हसू येतं, पण मी लवकरच हसायची थांबले. आमच्या चाळीच्या चौकात एक विहीर होती. वर लोखंडी चौकट, चौकटीला बारीक जाळी, मध्ये एक झडप. अमावस्येला आजी तिथे दिवा ठेवायची आणि आम्हाला सांगायची की आत बाबा आहे, तिकडे थुंकायचं नाही. कोण बाबा, ते तिलाही माहीत नव्हतं. दुष्काळी उन्हाळ्यात नळाला एक तास पाणी यायचं तेव्हा चाळीतल्या बायका त्याच झडपेतून बादल्या ओढायच्या. बाबाला मान द्यायचा आणि त्याचं पाणी धुण्याभांड्यांना वापरायचं, यात कोणाला विसंगती वाटत नव्हती. नळाचं पाणी म्हणजे म्युनिसिपालिटीच्या मर्जीचं आणि घरमालकाच्या चावीचं. विहीर हक्काची. पीर, सय्यद, बाबा हे मला त्या हक्काचे राखणदार वाटतात. ज्याला मत नाही, ज्याच्या इंग्रजी अर्जाला वजन नाही, त्याच्याकडे साहेबाला सांगण्यासारखं काय होतं? 'आत पीर आहे' हे एक वाक्य होतं, आणि ते ऐकलं जात होतं.

हे सरसकट सगळ्यांना लागू आहे असा माझा दावा नाही. विहिरीत खरोखर कोणीतरी आहे असं मानणारेही पुष्कळ असणार. आणि डॉक्टरांचं म्हणणं खोटं नव्हतंच. हिवतापाने माणसं मरत होती आणि ती बहुतेक गरीबच होती. पीर राहू दिला की डासही राहतो. म्हणून मला दोन्ही बाजूंपैकी एक निवडणं जमत नाही. जमलं ते त्या वेळच्या लोकांना, पण वेगळ्या रीतीने. सरसकट बुजवण्याऐवजी तोड निघाली: जिथे श्रद्धेची किंवा धर्मकार्याची हरकत आहे तिथे विहीर झाका, तारेची बारीक जाळी बसवा, पाणी काढायला झडप ठेवा. डासाला आत येता येणार नाही, माणसाला पाणी मिळेल, पिराला उजेड. आमच्या चाळीतली ती चौकट म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी झालेल्या त्या तडजोडीचा लोखंडी पुरावा होता, आणि आम्ही त्यावर बसून सागरगोटे खेळायचो.

ही तोड आपोआप निघाली नाही, हे सांगायला हवं. कमिशनरला मोहीम लवकर पुरी करायची होती, ते त्याचं कामच होतं. पण अर्ज आले तर ते मांडायला एक सभा होती, नियमाला अपवाद करायचा का हे विचारायला समिती होती, आणि काय ठरलं ते लिहून ठेवणारा चिटणीस होता. मार्च २०२२मध्ये मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर बराच काळ निवडणूक झाली नाही. सभा नाही, स्थायी समिती नाही. दोन्हींचे अधिकार प्रशासक म्हणून आयुक्तांकडे. त्या काळात रस्ते झाले नाहीत किंवा पाणी आलं नाही असं कोणी म्हणणार नाही. आपल्या ग्रुपवरही 'नगरसेवक नाहीत तेच बरं' असे मेसेज आले होते, अंगठ्यांसह. मी तेव्हा काही लिहिलं नाही, ग्रुपवर वाद नको म्हणून. इथे लिहिते: क्रॉफर्डसाहेबांच्या वेळीही रस्ते छानच झाले होते.

मताचा प्रश्न सुटला तो हळूहळू. १९२२च्या दुरुस्तीने सभासद ७२चे १०६ झाले, त्यांतले ७६ निवडून आलेले. आणि महिना १० रुपये भाडं भरणाऱ्याला मत मिळालं. मालकाबरोबर भाडेकरू मतदारयादीत आला, मुंबईच्या दृष्टीने हा केवढा फरक! तरी दहा रुपये भाडं म्हणजे गिरणगावातल्या दहा बाय दहाच्या खोलीवाल्याच्या आवाक्याबाहेरच. याच दशकात सरोजिनी नायडू, अवंतिकाबाई गोखले यांच्यासारख्या स्त्रिया सभागृहात आल्या. प्रत्येक प्रौढाला मत मिळून म्युनिसिपालिटीची निवडणूक झाली ती १९४८ साली. मैला वाहणाऱ्याला, उंदीर पकडणाऱ्याला, आमच्या आजीला, सगळ्यांना. आजी तेव्हा नवी नवरी होती आणि मत द्यायला नऊवारी नेसून, हातात सासूबाईंचा हात धरून गेली होती, एवढं ती सांगायची. कोणाला दिलं ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही.

डास अजून तोच आहे, स्टीफेन्सायच. म्युनिसिपालिटीचा माणूस आजही पावसाळ्याआधी गच्चीवर चढून टाकीचं झाकण बघतो, विहिरीत गप्पी मासे सोडतो, आणि नोटीस काढतो ती १८८८च्याच कायद्याखाली. आमच्या इमारतीला गेल्या वर्षी आली. सेक्रेटरीसाहेबांनी नोटीस बोर्डावर लावली तेव्हा खालचं कलम वाचून मी एकटीच खूश झाले.

आता एक काम. गिरगाव, ठाकूरद्वार, खेतवाडी, आग्रीपाडा, माझगाव इथल्या जुन्या चाळी एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत आणि त्यांच्याबरोबर चौकातल्या विहिरी. टॉवरच्या पायात गेलेल्या विहिरीचा पुढे पत्ता लागत नाही. आमची गेली, तिचा मी एकही फोटो काढलेला नव्हता, शेवटी एका मैत्रिणीच्या मुंजीच्या अल्बममध्ये मागे कोपऱ्यात सापडली. म्हणून मी एक यादी करते आहे. तुमच्या चाळीत, वाड्यात, मामाच्या घरी झाकलेली विहीर असेल तर मला कळवा: कुठे आहे, जाळी आहे की सिमेंटची लादी, झडप आहे का, चौकटीवर काही साल किंवा कारखान्याचं नाव ओतलेलं आहे का, आणि आत कोण राहतं असं घरची मोठी माणसं सांगत. आतापर्यंत ग्रुपमधून अकरा आल्या आहेत. त्यांतल्या सहांत कोणी ना कोणी राहतं.